दोन सांध्यांचा पट्टा

मंगळवारी दुपारी दोनच्या आत गिरणी बंद व्हायची म्हणजे व्हायची. मग वीज असो, नाहीतर पोत्यांची रांग रस्त्यापर्यंत गेलेली असो. पावणेदोनला गिरणीवाला मोटार बंद करायचा, अंगावरचं पीठ झटकायचा आणि खिळ्याला टांगलेल्या रेडिओचा कान पिळायचा. रेडिओवर त्याची बायको बोलायची. रांगेतली माणसं तोंडं वाकडी करत आपापल्या पोत्यांवर बसायची, पण नवऱ्यासमोर बायकोला नावं कोण ठेवणार? शिंपी तेवढा ठेवायचा. "घरात हा ऐकत नाही, त्याची शिक्षा आपल्याला," असं तो दर मंगळवारी म्हणायचा, आणि माणसं दर मंगळवारी हसायची.

गिरणीवाल्याच्या बायकोला सगळं गाव वहिनी म्हणे. तिच्यापेक्षा वीस वर्षांनी मोठी माणसंही वहिनीच म्हणत. तिच्या कार्यक्रमाचं नाव होतं 'बसा, बोलू'. झोप का उडते, घास का उतरत नाही, माणूस चारचौघांत बसून एकटा का पडतो, असलं ती बोलायची. ज्याला जगणं नकोसं झालंय त्याला सरळ कसं विचारायचं, तेही सांगायची. "विचारल्याने कोणी मरत नाही, न विचारल्याने मरतं," हे तिचं वाक्य पोरांनासुद्धा पाठ होतं.

आधी ती फक्त बातम्या वाचायची. दुधाचे भाव, हरवलेली जनावरं, आणि शेवटी कोण वारलं ते. तीन वर्षांपूर्वी एकाच वर्षात गावाने तीन माणसं हातची घालवली. स्वतःच्या हातांनी गेली तिन्ही. तिन्ही वेळा तिच्यापुढे कागद आला, 'अल्पशा आजाराने निधन'. दोनदा तिने मुकाट वाचलं. तिसऱ्यांदा तिने कागद खाली ठेवला आणि म्हणाली, "आजार अल्पसा नव्हता. आपण विचारलं नाही." गावच्या रेडिओ केंद्रावर गहजब झाला. पण दुसऱ्या दिवशी पोस्टमनच्या फोनवर सात जणांचे फोन आले, आणि त्यातून हा कार्यक्रम उभा राहिला.

पोस्टमन म्हणजे निवृत्त पोस्टमन. केंद्रावरची यंत्रं तो सांभाळायचा. त्याने जन्मभर दुसऱ्यांची पत्रं न उघडता पोचवली होती, म्हणून नियमही त्यानेच केला. लोकांचे फोन तो एकटा घ्यायचा. ज्याला आपलं बोलणं रेडिओवर चालणार असेल त्याचा आवाज यंत्रात घालून तो जाड, अनोळखी करायचा, आणि मग वहिनीकडे द्यायचा. माणूस कोण ते वहिनीने विचारायचं नाही, त्याने सांगायचं नाही. तीन वर्षांत एकाचंही नाव फुटलं नव्हतं. लोक नवरा-बायकोला जे सांगत नसत ते पोस्टमनला सांगत.

त्या सोमवारी पोस्टमनने तिला असाच एक आवाज दिला. "लहानसाच आहे," म्हणाला. "उद्या लावा. मी त्याला परत फोन करतोय, तो उचलत नाही. रेडिओवर आपलं ऐकून तरी उचलेल."

वहिनीने तो घरी ऐकला. कानाला फोन लावून, वेळ मोजत, दोनदा. घर गिरणीच्या माडीवर. खाली हंगामाचं दळण चाललेलं, जमीन थरथरत होती, माठातल्या पाण्यावर वलयं उठत होती. लग्न होऊन आली तेव्हा पहिला महिनाभर तिला या आवाजाने झोप लागली नव्हती. आता वीज गेली की जाग यायची. गिरणी चालू असताना तिने तो आवाज ऐकला, शब्द नीट कळताहेत ना एवढं पाहिलं, आणि भाजी चिरायला घेतली. घोटाळा झाला तो इथेच. पण तिला तरी कसं कळावं?

मंगळवारी ऊन मी म्हणत होतं. केंद्र म्हणजे दूध डेअरीच्या मागची खोली, भिंतींना जुन्या रजया आणि अंड्यांचे पुठ्ठे ठोकलेले. दार लावलं की माशीचं उडणंही मोठं वाटावं अशी शांतता. वहिनीने नेहमीसारखी सुरुवात केली, घोटभर पाणी प्याली आणि म्हणाली, "आज आपल्यातल्याच एकाचं बोलणं ऐकू." पोस्टमनने बटण दाबलं.

"आठ महिने झाले," तो जाड आवाज म्हणाला. "सकाळी डोळे उघडतात तेव्हा वाटतं, का उघडले. काम करतो. जेवतो. हसतोसुद्धा. पण मी कुठे नसतोच. मी नसलो तर कोणाचं काही अडेल असं वाटत नाही. घरातले सगळे चांगले आहेत, तेच तर अवघड आहे. वाईट असते तर सांगितलं असतं."

आणि त्या आवाजामागे, रजयांच्या शांततेत, हेडफोनमध्ये, वहिनीला ऐकू आलं. टप-टप, मग उसंत. टप-टप, मग उसंत.

तिच्या गिरणीचा पट्टा दोन ठिकाणी, शेजारी शेजारी, सांधलेला होता. एक सांधा उसवला तेव्हा त्याच्या वितीभर अंतरावर दुसरा घातला होता. चाकावरून जाताना दोन्ही सांधे लागोपाठ वाजायचे. दळणाला येणारी पोरं त्या तालावर टाळ्या वाजवत. पोस्टमनच्या यंत्राने माणसाचा आवाज बदलला होता, ताल कसा बदलणार? पोस्टमन गावाबाहेर मुलीकडे राहायचा, दुकानातून पिशवीतलं तयार पीठ आणायचा. त्याला तो नुसता खडखडाट वाटला होता.

वहिनीचा हात बटणाकडे गेला आणि थांबला. मध्येच तोडलं तर आंधळ्यालाही कळेल. बोलणं संपलं. तीन वर्षांत पहिल्यांदा रेडिओवर एवढी शांतता गेली. मग ती म्हणाली, "ज्याने हे सांगितलं त्याला मी एवढंच म्हणेन, तुझ्यावाचून अडतं. आमचं अडतं." उरलेली पंधरा मिनिटं ती काय बोलली ते तिला नंतर आठवेना.

ती भराभर घरी निघाली. चप्पल डांबराला चिकटत होती. दुकानांच्या पायऱ्यांवर बोलणारी माणसं ती दिसली की गप्प होत. एका ओट्यावर दोन पोरं पत्र्याच्या डब्यावर वाजवत होती, टप-टप, टप-टप. गिरणीत माणसं दोनच. तिचा नवरा आणि धाकटा दीर. नवऱ्याचा आवाज तिने ओळखला नसता का? यंत्रातून नसता ओळखला. आठ महिने, तो म्हणाला होता. आठ महिने तिने जगाला विचारलं, ताटापलीकडच्या माणसाला विचारलं नाही. तिला स्वतःची इतकी लाज वाटली की रस्त्यातच बसावंसं वाटलं.

गिरणी अजून बंदच होती. रांग मोडली होती. सासूबाई दारात उभ्या होत्या, पदर कंबरेला खोचून.

"या," त्या म्हणाल्या. "जगाला शहाणं करून आलात. नवऱ्याचं तोंड कधी नीट पाहिलं होतंस?"

"काय झालं, आई?"

"काय व्हायचं राहिलंय? शिंपी ओरडला, अरे हा तर इथलाच पट्टा! सगळे या दोघांकडे बघायला लागले. शिंपी म्हणतो, दोघांतला कोण रे? आणि तुझा नवरा छातीला हात लावून म्हणतो, मी. वर शिंप्यालाच विचारतो, पुढं? तुझं दळण थांबलंय का त्याने?" सासूबाईंचा आवाज फाटला. "माझ्या पोराला काय कमी केलं मी?"

वहिनी माडीवर गेली. गिरणीवाला चुलीपुढे पाटावर बसला होता, भुवयांवर पीठ तसंच. तिने त्याच्यासमोर बसून त्याचे दोन्ही हात धरले आणि रडायला सुरुवात केली.

"रडू नकोस. मी नाही तो," तो हळूच म्हणाला.

"मग हो का म्हणालात?"

"पट्टा वाजला रेडिओवर, तेव्हा बारक्याच्या हातात पोतं होतं. तो तसाच उभा राहिला. खाली ठेवेना, वर टाकेना. शिंप्याची नजर त्याच्याकडे वळायला लागली होती. मी माझ्याकडे ओढून घेतली." त्याने हात सोडवून तोंडावरून फिरवला. "मला काय, मी सोसेन. त्याला सोसवलं नसतं आज."

बारक्या म्हणजे दीर. नाव बारक्या, पण दारातून यायचं तर तिरकं होऊन यावं लागे. शंभर किलोचं पोतं एका झटक्यात खांद्यावर घ्यायचा. गावात कोणाची गाडी चिखलात रुतली की आधी बारक्याला हाक. वहिनी तशीच उठून खाली गेली. तो मागच्या अंगणात गहू चाळत होता.

"भाऊजी."

"दादाच तो, वहिनी," बारक्या चाळणीवरची नजर न काढता म्हणाला. "त्याच्याकडे बघा तुम्ही." आणि चाळणी उचलून पलीकडे गेला.

त्या दिवसापासून गिरणीवाल्याने आपलं अंथरूण खाली, भावाच्या शेजारी टाकलं. माडीवर उकडतंय, एवढंच म्हणाला.

बुधवारी सकाळी रांगेत चार पोती होती. एरवी या दिवसांत चाळीस असायची. दहा वाजता त्यातली दोन परत गेली. "घाई नाही हो," म्हणत बायका डबे काखेत मारून निघाल्या. एकजण दारातच बोलली, मुद्दाम ऐकू जाईल असं, "ज्याच्या मनात तसलं, त्याच्या हाताचं पीठ लेकरांना कसं घालायचं?" शाळेचे मास्तर आले आणि गिरणीवाल्याशी एकेक शब्द सुटा करून, मोठ्याने बोलले, बहिऱ्याशी बोलावं तसं. "बरं... आहे... ना?" गिरणीवाला म्हणाला, "मास्तर, कानांना काही झालेलं नाही." तरी मास्तरांनी जाताना त्याच्या पाठीवर दोनदा थोपटलंच. लोक त्याला पोतं उचलू देईनात, तराजूला हात लावू देईनात. बारक्या हे सगळं पाहत होता.

दुपारी चेअरमन आले. डेअरीचे चेअरमन तेच आणि रेडिओ समितीचे अध्यक्षही तेच. त्यांनी वहिनीपुढे कागद धरला. टाइप करून आणला होता.

"येत्या मंगळवारी एवढं वाचायचं," ते म्हणाले. "आवाज बाहेरगावचा होता, गिरणीचा नव्हता, गैरसमजाबद्दल क्षमस्व. आणि हा कार्यक्रम इथून पुढे बंद. गाणी लावा त्या वेळेला. लोकांना गाणी आवडतात."

"खोटं वाचू?"

"अल्पशा आजाराने असं वाचायचात की आधी. तेव्हा जीभ झडली नाही ती!" चेअरमन माणूस वाईट नव्हते. गावाची अब्रू म्हणजे आपलंच धोतर असं त्यांना वाटायचं, आणि ते सुटेल या भीतीने एक हात कायम कंबरेला. "तुमच्याच घराच्या भल्याचं सांगतोय. आमच्या केंद्रावरून तुमच्या नवऱ्याची शोभा झाली. वाचा, विषय मिटेल. नाही वाचलंत तर केंद्राला कुलूप."

कागद त्यांनी वजनकाट्यावर ठेवला आणि गेले. सासूबाई म्हणाल्या, "वाचून टाक. तुझ्या पाया पडते." त्यांना कधी कोणाच्या पाया पडताना वहिनीने पाहिलं नव्हतं.

गुरुवारी एकही पोतं आलं नाही. बसून काय करायचं, म्हणून दोघा भावांनी पहार लावून वरचा दगड उचलला आणि उलथा केला. हंगामात दगडाच्या खाचा गुळगुळीत होतात. मग टाकीने, म्हणजे छिन्नीने, ठोकून त्या पुन्हा कोरायच्या, नाहीतर पीठ जाडं पडतं. गिरणीवाल्याने हातोडा बारक्याकडे दिला, वहिनीकडे एकवार पाहिलं आणि "तेल घेऊन येतो" म्हणून निघून गेला. तेलाचा डबा कोपऱ्यात भरलेला होता.

बारक्या तोंडाला फडकं बांधून दगडापुढे बसला. वहिनी समोर बसून कुंचल्याने कच झाडायला लागली. टाकी पडायची, ठिणगी उडायची, बारीक कच तिच्या हातांवर टोचायची. गिरणी इतकी गप्प तिने कधी ऐकली नव्हती.

"भाऊजी, माझी चूक झाली," ती म्हणाली. "मी तो आवाज माडीवर ऐकला. खाली गिरणी चालू होती. गिरणीच्या आवाजात मला गिरणी ऐकूच आली नाही. तुम्ही विश्वासाने सांगितलंत आणि मी गावभर केलं. मला माफ करा."

टाकी चालूच राहिली. मग थांबली.

"मीसुद्धा म्हणूनच इथून फोन केला," बारक्या म्हणाला. "पट्ट्यामागे उभं राहून. तिथं रडलं तरी कोणाला कळत नाही. आठ महिने तिथंच रडतोय मी." तो हसला की काय झालं ते फडक्यामुळे दिसलं नाही. "त्यानेच दगा दिला."

"काय झालं होतं?"

"तेच तर. काही झालं नाही. कोणी मेलं नाही, कोणी फसवलं नाही. कारण असतं तर तोंड वर करून सांगितलं असतं. एवढं धूड, दोन माणसांचं जेवतो, आणि सकाळी पांघरूण उचलवत नाही. कोणाला सांगू? हसले असते."

वहिनीने कुंचला खाली ठेवला. शेकडो वेळा तिने लोकांना सांगितलं होतं, आडून विचारू नका, सरळ विचारा. रजयांच्या खोलीत बसून सांगणं सोपं होतं. इथे समोर घरचा माणूस होता. तरी ती म्हणाली, "भाऊजी, मरून जावंसं वाटतं का तुम्हाला?"

बारक्याने फडकं खाली ओढलं. ओठांपुरतं तोंड स्वच्छ होतं, बाकी सगळं दगडाच्या भुकटीने राखाडी.

"वाटायचं," तो म्हणाला. "रोज."

"आता? या घडीला?"

त्याने विचार केला. तिला ते आवडलं, त्याने उगाच नाही म्हटलं नाही.

"मंगळवारपासून नाही वाटलं. मंगळवारपासून राग आलाय. दादा 'मी' म्हणाला ना, तेव्हा वाटलं पोतं त्याच्याच डोक्यात घालावं. लहानपणापासून माझं सगळं हा उचलतो. दप्तर उचललं, माझ्या वाटचा मार खाल्ला. आता माझं दुखणंसुद्धा हाच घेऊन गेला! माझं म्हणून काही ठेवेल की नाही?" आणि तो एवढा मोठा माणूस दगडावर कपाळ टेकून हमसून हमसून रडला. या वेळी पट्टा बंद होता, आवाज रस्त्यापर्यंत गेला असेल. वहिनी त्याच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिली आणि तिने त्याला गप्प केलं नाही.

शनिवारी आरोग्य केंद्रात मनाचे डॉक्टर येत. तिघं गेली. बारक्या बाकावर बसला तेव्हा बाक करकरला, आणि तो घाबरून अर्ध्या बुडावर बसला. आत अर्धा तास लागला. हा आजार आहे, डॉक्टर म्हणाले, त्याला औषध आहे, गुण यायला काही आठवडे जातील, गोळ्या मध्येच सोडायच्या नाहीत, एकटं राहायचं नाही, आणि जड वाटलं तर त्याच क्षणी सांगायचं. बाहेर आल्यावर बारक्या चिठ्ठी उलटीसुलटी करून म्हणाला, "आजार आहे म्हणे. मला वाटलं होतं, मीच असा आहे."

सोमवारी सकाळी वहिनी खाली आली तर तो हातगाडी धूत होता.

"दळण येत नाही तर आपण आणायला जायचं," तो म्हणाला. "दारोदार."

"आणि काय सांगायचं?"

"खरं."

गिरणीवाला दातांत काडी धरून ऐकत होता. "बारक्या, गरज नाही. मी आहे ना."

"तू आहेस म्हणूनच," बारक्या म्हणाला. "दे माझं परत."

वहिनी म्हणाली, "भाऊजी, सगळ्यांना सांगायलाच हवं असं काही नाही. तुमच्या मनात असेल तेवढंच. हवं तर मी रेडिओवर..."

"रेडिओवर नको. तिथं आवाज बदलता येतो."

तो आधी स्वयंपाकघराच्या दारात गेला. सासूबाई तांदूळ निवडत होत्या. "आई, तो आवाज माझा होता. दादाचा नाही. औषध सुरू केलंय." सासूबाईंच्या मांडीवरचं सूप तसंच राहिलं. त्यांनी थोरल्याकडे पाहिलं, धाकट्याकडे पाहिलं. मग उठल्या, दोरीवरचा धुतलेला पंचा ओढला आणि टाचा उंचावून, तरी हात पुरेना म्हणून त्याला खाली वाकवून, त्याच्या डोक्याला बांधला. "उन्हात जातोस ते उघड्या डोक्याने जाऊ नकोस," म्हणाल्या. आणि वहिनीला म्हणाल्या, "तू जा याच्याबरोबर. हा एक सांगेल आणि लोक दहा ऐकतील." तिच्यावरचा राग त्यांनी असा मागे घेतला.

पहिलं दार शिंप्याचं. बारक्याने गाडी उभी केली. "दळण द्या. आणि ऐका, तो आवाज माझा होता. दादा खोटं बोलला. मला आजार आहे, औषध घेतोय. हसायचं असेल तर आत्ता हसून घ्या, मी थांबतो."

शिंप्याच्या तोंडात टाचण्या होत्या. त्याला हसता येईना आणि बोलताही येईना. त्याने एकेक टाचणी काढून उशीत खोचली. सगळ्या संपल्यावर म्हणाला, "पाच किलो गहू आहेत. बारीक काढ."

सगळीकडे असं झालं नाही. दोन दारं तोंडावर लागली. एका घरात दार कोणी उघडलंच नाही, पण खिडकीचा पडदा हलला. मास्तरांनी पुन्हा सुटे सुटे शब्द काढले तेव्हा बारक्याही त्यांच्याशी तसाच बोलला, "मका... द्या... मास्तर," आणि त्यांची बायको आतून इतकी हसली की दळण तिनेच आणून दिलं. एका म्हातारीने विचारलं, "मग आता बरं वाटतं का रे?" तो म्हणाला, "अजून नाही, आजी. पण वाटेल म्हणतात." वहिनी मागून चालत होती. तिच्या ओठांवर चार वेळा काहीतरी आलं आणि चारही वेळा तिने ते गिळलं. बोलायचं काम आज तिचं नव्हतं.

चेअरमन ओसरीवर पेपर वाचत होते. सगळं ऐकून त्यांनी पेपरची घडी केली.

"लाज नाही वाटत, दारोदार हे सांगत फिरायला?"

"वाटते ना," बारक्या म्हणाला. "म्हणून तर दिवसाढवळ्या फिरतोय. अंधारात फिरलो असतो तर तुम्ही अल्पशा आजाराने म्हटलं असतं."

चेअरमन वहिनीकडे वळले. "उद्या कागद वाचणार आहात ना?"

"माफी मागायची होती ती ज्याची त्याच्याकडे मागून झाली," वहिनी म्हणाली. "तुमचा कागद चुलीत घातला, आईंनी. कुलूप लावायचं तर लावा. दोनला मी केंद्राच्या पायरीवर बसून बोलेन. गाव लहान आहे, माझा आवाज मोठा आहे."

"पोस्टमन यंत्र देणार नाही."

"पोस्टमनला विचारलंत?"

विचारलं नव्हतं. चेअरमननी पेपर पुन्हा उघडला. दळण मिळालं नाही. गाडी पुढे निघाली. वहिनीला कधीपासून असं कोणाला तरी बोलायचं होतं.

बारापर्यंत चौदा घरांचं दळण गाडीत पडलं. चाळीस नव्हे, चौदा. शेवटचं घर गवंड्याचं, वस्तीच्या टोकाला. अर्ध्या गावाची घरं त्याने बांधली, स्वतःच्या भिंतीला मात्र गिलावा नव्हता. तो उंबऱ्यात बसला होता. हातात थापी, आणि जवळ ना वाळू ना सिमेंट.

बारक्याने आपलं म्हणून झालं. आज कितव्यांदा तरी म्हणत होता, आता आवाज अडखळत नव्हता. गवंड्याने ऐकून घेतलं. थापी बाजूला ठेवली.

"दळण नाही माझ्याकडे," तो म्हणाला. "घरात कोणी नाही, मी शिजवतच नाही." मग थांबून, खाली बघतच, "पण... तू डॉक्टरला पहिल्यांदा काय म्हणालास, तेवढं सांगशील?"

वहिनीने पाऊल पुढे टाकलं. हे तिचं काम, याच्यासाठीच ती तीन वर्षं बोलत होती. पण गवंडी तिच्याकडे बघत नव्हता. तो त्या घामेजलेल्या, पंचा बांधलेल्या धिप्पाड माणसाकडे बघत होता. बारक्याने गाडीचे दांडे खाली टेकवले आणि पंचा सोडून तोंड पुसलं.

"वहिनी, तुम्ही व्हा पुढे," तो म्हणाला. "गाडी न्या. मला इथं वेळ लागेल."

तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. नीट, जसं आठ महिने पाहायला हवं होतं तसं. आणि सरळ विचारलं.

"घरी येणार ना, भाऊजी?"

"येणार," तो म्हणाला. "चौदा घरांचं दळण कोण काढील? दादाला एकट्याला जमायचं नाही." आणि गवंड्याला जरा सरकायला सांगून तो उंबऱ्यात बसला. दोघांना तो उंबरा पुरत नव्हता, तरी बसले.

वहिनीने दांडे उचलले. गाडी तिला वाटलं होतं त्याहून कितीतरी जड होती. पहिल्या झटक्यात हललीच नाही. तिने पदर खोचला, पाय रोवले, पुन्हा जोर लावला आणि भर उन्हात, भर रस्त्यातून, वाकून गाडी ढकलत ती गिरणीकडे निघाली.